चार्जिंगचे ठिकाण निवडताना गाडी कुठे थांबते ते पाहा

विजेवर चालणारी वाहने आता कोकणातही नवलाईची राहिलेली नाहीत. पेणच्या बाजारपेठेत विजेच्या स्कूटरवरून खरेदीला येणारे गिऱ्हाईक आम्ही पाहतो आणि रिक्षावाले बंधू भेटले की विजेची रिक्षा परवडेल का, हा सवाल निघतोच. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या वाहनांसाठी धोरण आणले आणि २०२५ साली नवे धोरण मंजूर केले. या नव्या धोरणात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे आज ना उद्या आपल्या पेण आणि रोहा तालुक्यांत चार्जिंगची ठिकाणे उभी राहणार, यात शंका नाही.

प्रश्न आहे तो ती नेमकी कुठे उभी राहणार याचा. हा प्रश्न फक्त इंजिनियर लोकांचा आहे असे समजून आपण व्यापारी गप्प बसलो, तर ठिकाणे दुसरेच कोणी ठरवतील आणि ती सगळी महामार्गाच्या कडेला जातील. रस्ता रुंद झाला, बाह्यवळण झाले की जुन्या नाक्यावरचे गिऱ्हाईक कसे निघून जाते, हे महामार्गावरच्या दुकानदारांना सांगण्याची गरज नाही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. ते रेंगाळत असताना आपण धूळ आणि खड्डे सोसले. आता त्या रस्त्यावरून येणारा मुसाफिर जिथे अर्धा-पाऊण तास थांबेल, तिथेच तो चार पैसे खर्च करील. तो थांबा हॉटेलच्या आवारात होणार की आपल्या बाजाराजवळ, हे चार्जिंगच्या ठिकाणावर ठरणार आहे. म्हणून आम्ही हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

पेट्रोल पंपाचा हिशेब इथे चालत नाही

बहुतेक लोक चार्जिंगकडे पेट्रोल पंपाच्या नजरेने पाहतात. पंपावर गाडी पाच मिनिटे थांबते, टाकी भरते आणि निघून जाते. त्यामुळे पंपासाठी रहदारी पाहिली जाते. जिथून जास्त गाड्या जातात ती जागा चांगली, असा साधा हिशेब असतो. चार्जिंगचा हिशेब वेगळा आहे. इथे वेळ लागतो, त्यामुळे गाडी कुठून जाते यापेक्षा ती कुठे आणि किती वेळ उभी राहते, हे आधी पाहावे लागते. आम्ही कापडवाले दुकानाची जागा घेताना हेच पाहतो. ज्या रस्त्यावरून हजार माणसे घाईत जातात, त्यापेक्षा जिथे शंभर माणसे रेंगाळतात ती जागा आम्हाला बरी वाटते.

थोडे आकडे पाहू. विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारण २ ते ४ युनिटची असते, प्रवासी रिक्षाची ७ ते ११ युनिटची आणि मोटारीची २० पासून ४५ युनिट किंवा त्याहून जास्त. घरातल्या १५ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटमधून तासाला जास्तीत जास्त सव्वातीन युनिटच्या आसपास वीज मिळते. त्यावर स्कूटर आणि रिक्षा काही तासांत आणि मोटार रात्रभरात भरते. याउलट ६० किलोवॅटच्या जलद यंत्रावर मोटार अर्ध्या ते पाऊण तासात पुष्कळशी भरते, पण बॅटरी ८० टक्क्यांच्या वर गेली की वेग बराच कमी होतो. हे जलद यंत्र लाखो रुपयांचे असते आणि त्याला मोठी जोडणी लागते. साधे सॉकेट मात्र काही हजारांत बसते.

यावरून एक सरळ नियम निघतो. गाडी जिथे अर्धा तास थांबते तिथे जलद यंत्र हवे. जिथे दोन-चार तास थांबते तिथे साधे सॉकेट पुरते, आणि जिथे आठ-दहा तास उभी राहते तिथे तर त्याहून मंद वीज चालेल, पण सॉकेटांची संख्या जास्त हवी. या नियमाच्या उलट केले तर पैसा वाया जातो. जिथे मोटारी दिवसभर उभ्या राहतात तिथे लाखोंचे यंत्र बसवले, तर एकच गाडी ते अडवून बसते. जिथे मुसाफिराला घाई आहे तिथे साधे सॉकेट लावले, तर त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

महामार्गाचे तीन नाके

हा नियम आपल्या मुलखाला लावून पाहू. मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या पुढे वडखळ, नागोठणे आणि कोलाड असे तीन महत्त्वाचे नाके आहेत. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो. नागोठण्याहून भिसे खिंडीच्या वाटेने रोह्याला जाता येते. कोलाडहून रोहा साधारण १२-१३ किलोमीटर आत आहे. मुंबईहून येणारे चाकरमानी आणि अलिबागचे पर्यटक यांच्यासाठी या नाक्यांवर जलद यंत्रे हवीतच, त्याला आमचा विरोध नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले, तेव्हापासून मुंबईची मोटार आपल्याकडे लवकर पोहोचू लागली आहे.

पण दर २५ किलोमीटरचा नियम महामार्गावर मोजला जातो. महामार्गावर टेप लावून ठिकाणे ठरवली तर कोलाडला यंत्र येईल, नागोठण्याला येईल आणि रोहा शहर मधल्या मधे कोरडे राहील. नकाशावर अंतर पुरे झालेले दिसेल, पण मोटारवाल्याला रोह्याच्या बाजारात शिरण्याचे काही कारण उरणार नाही. ही गोष्ट रोह्याच्या व्यापाऱ्यांनी आत्ताच मांडली पाहिजे. अंतराच्या नियमाबरोबर तालुक्याच्या गावाचा नियमही हवा, म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, बाजारापासून पायी पाच मिनिटांच्या आत, निदान एक जलद यंत्र असावे अशी आमची मागणी आहे.

कोलाडचे आणखी एक उदाहरण देण्यासारखे आहे. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिरा येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ पासून चालू आहे. तिथून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडचा राफ्टिंगचा धंदा उभा आहे. पाण्यात उतरायला आलेल्या लोकांच्या मोटारी तिथे तीन-चार तास उभ्या असतात. म्हणजे तिथे लाखोंचे यंत्र नको. त्याऐवजी गाड्या ठेवण्याच्या जागेवर दहा-बारा साधी सॉकेटे लावली तर काम भागते आणि आसपासच्या खानावळीला गिऱ्हाईकही मिळते. कोलाड नाक्यावर जलद आणि नदीकाठी साधे, अशी वाटणी एकाच गावात करावी लागेल.

पेण : बाजार, कारखाने आणि उतरणारा माल

पेणला आमच्या मते चार प्रकारचे थांबे आहेत. पहिला रेल्वे स्टेशनचा. नोकरदार सकाळी स्कूटर ठेवून गाडी पकडतो आणि रात्री परततो. त्याची स्कूटर आठ-दहा तास उभी असते. तिथे पन्नास स्वस्त सॉकेटे एका मोठ्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगाची.

दुसरा थांबा रिक्षा स्टँडचा. दुपारी एक ते चार आपला बाजार थंड असतो, दुकाने अर्धी मिटलेली असतात आणि रिक्षावाला सावली धरून बसलेला असतो. नेमक्या याच वेळी सौर विजेमुळे वीज मुबलक असते. दिवसा उन्हाच्या वेळी चार्जिंगची वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग, असेच केंद्र सरकारचे धोरण आहे. म्हणजे रिक्षावाल्याचा रिकामा वेळ आणि स्वस्त वीज एकाच घटकेला येतात. पण सॉकेट स्टँडवरच हवे. ते दोन किलोमीटर दूर महामार्गावर असेल, तर रिक्षावाला नंबर सोडून जाणार नाही. सीएनजीच्या रांगेत रिक्षावाल्याचे किती तास जातात हे ठाऊक असताना तीच रांग विजेसाठी लावायची काय?

तिसरा थांबा मूर्तीच्या कारखान्यांचा. पेण शहर आणि हमरापूर-जोहे परिसरातून गणपतीच्या मूर्ती देशभर आणि परदेशांतही जातात. मूर्ती भरणे हे घाईचे काम नव्हे. गवत, कागद लावून एकेक नग रचावा लागतो आणि त्यात टेम्पो दोन-तीन तास उभा राहतो. पनवेल आणि नवी मुंबईची खेप विजेच्या टेम्पोने करायची, तर चार्जिंग माल भरण्याच्या जागीच हवे.

चौथा थांबा आमच्या धंद्याचा. भिवंडीचा कापडाचा टेम्पो पेणला येतो तेव्हा गासड्या उतरवणे, तागे मोजणे, चलान जुळवणे आणि हमालांचा चहा यात दीड-दोन तास सहज जातात. लहान विजेचा टेम्पो माल भरलेला असताना एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटरच्या आसपास चालतो. भिवंडी ते पेण तो येईल, पण परत जाताना वाटेत अडकेल. माल उतरतो तिथे दोन तास वीज मिळाली तर तो त्याच दिवशी घरी पोहोचतो. नाहीतर ट्रान्सपोर्टवाला विजेचा टेम्पो आपल्याकडे पाठवणारच नाही, आणि डिझेलचे भाडे वाढले की तो बोजा आपल्या तागांवर पडत राहील.

पेण-रामवाडीला एस.टी.चे रायगड विभागाचे कार्यालय आहे आणि गावात बसस्थानक आहे. एस.टी.ने १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर विजेची शिवाई सुरू केली. उद्या आपल्या आगारांतही विजेच्या बसगाड्यांसाठी जोडणी येईल. त्या जोडणीतून थोडी क्षमता राखून फाटकाबाहेर सर्वसामान्यांसाठी चार सॉकेटे ठेवावीत, असे एस.टी.ला आत्ताच सुचवले पाहिजे. तारा एकदा पुरल्या की पुन्हा रस्ता खोदायला कोणी तयार होत नाही.

रोहा : पाळी, पूर आणि पूल

रोह्याची गोष्ट वेगळी आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामगार आठ तासांच्या पाळीत येतो. त्याची दुचाकी तेवढा वेळ उभी राहते, त्यामुळे साधे सॉकेट पुरेसे आहे. मात्र तिथे रासायनिक कारखाने आहेत. म्हणून चार्जिंग ज्वलनशील मालाजवळ नको, फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत हवे आणि अग्निशमनाची सोय शेजारी हवी. रोह्याच्या स्टेशनवर पेणसारखाच हिशेब लागू होतो, कारण दिवा-रोहा गाडीने जाणारा मनुष्य दिवसभर परतत नाही.

रोह्याला जागा निवडताना पाण्याचा विचार पहिला करावा. एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी आणि मधून कुंडलिका. २६ जुलै २००५ च्या पुरात रायगड जिल्ह्याने काय सोसले ते आपण विसरलेलो नाही. नागोठण्याला अंबा नदीने १९८९ साली आणि नंतरही रडवले आहे. पेणला भोगावती आणि खाडीचे भरतीचे पाणी दोन्ही आहेत. म्हणून आमची सूचना अशी की, कोणत्याही ठिकाणी यंत्र बसवण्यापूर्वी शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावे, २००५ ला पाणी कुठवर आले होते. त्या खुणेच्या वर चौथरा बांधता येत असेल तरच जागा पसंत करावी. नदीकाठची मोकळी जागा स्वस्त मिळते म्हणून घेण्यात नफा नाही. अष्टमीच्या बाजूलाही एक लहान ठिकाण ठेवावे, म्हणजे पुलावर पाणी किंवा कोंडी असेल तेव्हा त्या तीरावरच्या माणसाचे अडणार नाही.

विजेचाही विचार हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. उपकेंद्राच्या जवळची, ज्या वाहिनीवर वारंवार बिघाड होत नाही अशी जागा दहा पावले दूर असली तरी चांगली. महावितरणच्या लाइनमनला ही माहिती तोंडपाठ असते. नकाशापेक्षा त्याच्याशी केलेली अर्ध्या तासाची बातचीत जास्त उपयोगी पडेल.

ज्याला अंगण नाही त्याचे काय?

काही जण म्हणतात, लोक घरीच चार्जिंग करतील, सार्वजनिक ठिकाणांची एवढी काळजी कशाला? ज्याच्याकडे बंगला आहे, अंगण आहे, त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण आपल्यापैकी किती जण भाड्याच्या खोलीत, चाळीत किंवा दुकानाच्या माळ्यावर राहतात? रिक्षावाला, फेरीवाला, शिंपी, सुतार, बेकरीचा पाव वाटणारा मुलगा यांची गाडी रात्री रस्त्यावरच उभी असते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तार सोडून पावसात गाडी चार्ज करणे म्हणजे जिवाशी खेळ. विजेच्या गाडीचा खर्च किलोमीटरमागे कमी पडतो हे खरे, पण ज्याला चार्जिंगची जागा नाही त्याच्यासाठी ती बचत कागदावरच राहते. ज्याची रोजी गाडीवर आहे त्यालाच तिचा फायदा मिळू नये, हे इन्साफाचे नाही.

नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅम शहराने याचा एक मार्ग काढला. ज्या रहिवाशाकडे विजेची गाडी आहे पण स्वतःची गाडी ठेवण्याची जागा नाही, त्याने नगरपालिकेकडे अर्ज करायचा आणि पालिकेने त्याच्या घराजवळ सार्वजनिक चार्जिंग पॉइंट बसवण्याचा विचार करायचा. म्हणजे मागणी तिथे सोय. आपल्या पेण नगरपरिषदेला आणि रोहा-अष्टमी नगरपरिषदेला हे करणे अशक्य नाही. मोहल्ल्यातून वीस रिक्षावाल्यांनी सह्या करून अर्ज दिला, तर त्या मोहल्ल्याच्या तोंडावर चार सॉकेटे लावण्यास असा कितीसा खर्च येणार?

खर्चाचा हिशेब

दुसरा आक्षेप जागेचा आणि पैशांचा आहे. पेणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही, त्यात चार गाड्यांसाठी जागा कोण अडवणार, असे दुकानदार विचारतात. त्यांची तक्रार रास्त आहे. म्हणून मोठे यंत्र गल्लीत नकोच, ते बाजाराच्या कडेला हवे. साधे सॉकेट मात्र भिंतीवर बसते आणि जिथे आजही रिक्षा उभी असतेच तिथे बसते, त्याला नवी जागा लागत नाही.

पैशांचे म्हणाल तर समजा, एका जलद यंत्रावर सगळा खर्च जाऊन युनिटमागे ५ रुपये सुटतात. दिवसाला दोन मोटारींनी मिळून ४० युनिट घेतले तर २०० रुपये झाले, त्यात राखणदाराचा पगारही निघत नाही. दहा मोटारींनी २०० युनिट घेतले तर १००० रुपये होतात आणि धंद्याला आकार येतो. म्हणून आपल्या दोन्ही गावांत सुरुवातीला एकेकच जलद यंत्र पुरे आणि साधी सॉकेटे पुष्कळ. मागणी वाढेल तसे वाढवावे. पण जोडणी आणि तारांची नळी पहिल्या दिवशीच मोठी टाकावी. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात मुंबईची गर्दी उतरते, तेव्हा यंत्रे कमी पडतील हे मान्य. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी बारा महिन्यांचा बोजा घेणे शहाणपणाचे नाही.

आपण काय करावे?

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीज विक्री नव्हे. त्यामुळे त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम पाळून कोणीही हे काम करू शकतो. चार्जिंगसाठी विजेचा दरही वेगळा ठरवलेला असतो. चार व्यापाऱ्यांनी मिळून, लेखी करार करून, एक ठिकाण चालवणे शक्य आहे. मात्र सावध राहावे. "चार्जिंग स्टेशनची एजन्सी देतो, अनामत भरा" असे म्हणत फिरणारे दलाल पुष्कळ निघाले आहेत. महावितरणच्या कार्यालयात स्वतः जाऊन जोडणीची चौकशी केल्याशिवाय कोणाच्या हातात एक रुपया ठेवू नये.

त्याआधी एक बिनखर्चाचे काम आहे. दोन्ही गावांच्या व्यापारी मंडळींनी एक साधा आठवडा आणि एक सणाचा आठवडा निवडावा. शिकलेल्या चार-सहा मुलांना वह्या देऊन स्टँड, स्टेशन, बाजाराची तोंडे आणि माल उतरवण्याच्या जागा वाटून द्याव्यात. कोणत्या जागी किती गाड्या एक तासाहून जास्त उभ्या राहिल्या, एवढेच लिहायचे. सोबत चार गोष्टी नोंदवाव्यात : पुराची खूण कुठे आहे, रात्री दिवा आहे काय, स्वच्छतागृह किती दूर आहे आणि जागा कोणाच्या मालकीची आहे. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण वादातल्या जमिनीवर बसवलेले यंत्र कोर्टाच्या तारखांत गंजते. दिव्याची गोष्टही तितकीच महत्त्वाची. जिथे एकट्या बाईला रात्री आठ वाजता अर्धा तास थांबायला भीती वाटते, ती जागा नापास समजावी.

आणखी एक अट करारात घालून घ्यावी. यंत्र बंद पडले तर किती दिवसांत दुरुस्त होईल आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी असावे. उद्घाटनाची फीत कापली आणि महिन्याभरात यंत्रावर गोणपाट पडले, तर लोकांचा विश्वास उडतो आणि मग चांगल्या जागेचाही उपयोग राहत नाही.

ही वही घेऊन नगरपरिषद, महावितरण, एस.टी. आणि रेल्वे यांच्याकडे निवेदन द्यावे, आणि ते निविदा निघण्याच्या आधी द्यावे. निविदा निघाल्यावर दिलेले निवेदन फाइलमध्ये जाते. अधिकाऱ्यांनाही आकडे हवे असतात. त्यांच्यापुढे नुसती तक्रार घेऊन गेलेल्या व्यापाऱ्यापेक्षा हिशेब घेऊन गेलेल्या व्यापाऱ्याचे ऐकले जाते, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. पेण आणि रोह्याच्या व्यापारी बंधूंनी, रिक्षा संघटनांनी आणि कारखानदारांनी या पावसाळ्याआधी एकत्र बसून ही मोजणी हाती घ्यावी, अशी आमची विनंती आहे.